सीहॉक्सच्या ड्राफ्टचा हिशोब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिॲटलकडे नोकरीनिमित्त आलेला मराठी माणूस वर्ष-दोन वर्षांत निळ्या-हिरव्या रंगाला लागतो. मग एप्रिल आला की त्याचे प्रश्न सुरू होतात. पुणे-नागपूरहून पहाटे उठून सामने बघणारेही आता बरेच आहेत. प्रश्न घुमूनफिरून तेच असतात, म्हणून इथे एकत्र उत्तरं दिली आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, एनएफएल ही त्याची व्यावसायिक लीग आणि सीहॉक्स हा तिच्यातला सिॲटलचा निळा-हिरवा संघ. मतं माझी आहेत, भांडायला यावं.

१. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलच्या लिलावासारखंच ना?

नाही. लिलावात ज्याच्या थैलीत पैसे उरलेत तो बोली वाढवतो. ड्राफ्टमध्ये बोलीच नसते, पाळी असते. संघ ३२, फेऱ्या ७. आपली पाळी आली की कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या, अजून कोणी न उचललेल्या मुलांपैकी एकाचं नाव घ्यायचं. मुलाला ‘मला त्या गावी जायचं नाही’ म्हणायची सोय जवळपास नाहीच. लीग आणि खेळाडूंमधल्या २०११ च्या करारापासून पगारही क्रमांकावरूनच ठरल्यासारखा असतो. मुलाचा पहिला करार चार वर्षांचा, आणि पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचवं वर्ष ठेवून घ्यायचा अधिकार संघाकडे. त्यामुळे ‘केवढ्याला घेतला’ असं इथे कोणी विचारत नाही, ‘कितव्या नंबरवर घेतला’ असं विचारतात. नंबर हीच किंमत. पुढचा सगळा हिशोब याच पायावर आहे.

२. कोणाची पाळी कधी, हे कोण ठरवतं?

मागचा हंगाम. सगळ्यात वाईट खेळलेला संघ पहिला, सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकलेला ३२वा. दुबळ्यांना वर यायची संधी मिळावी ही मूळ कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सच्या बर्ट बेल यांची. पहिला ड्राफ्ट १९३६ साली फिलाडेल्फियातच झाला. त्यात पहिल्या क्रमांकावर निवडलेला जे बर्वँगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. म्हणजे पहिला नंबर फुकट जायची प्रथा मुहूर्तापासूनच आहे.

सात फेऱ्या गुणिले ३२ म्हणजे २२४, मग २४९वा नंबर कुठून आला, असंही विचारतात. ज्या संघाचे चांगले खेळाडू करार संपून दुसरीकडे गेले त्याला भरपाई म्हणून तिसऱ्या फेरीपासून पुढे जादा नंबर मिळतात, त्यामुळे आकडा वाढतो. शिवाय नंबर विकता-बदलता येतात, पुढच्या वर्षांचेसुद्धा. खरी गंमत आणि खरी डोकेदुखी तिथेच सुरू होते (प्रश्न ९ ते ११).

३. ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी ‘ए’, ‘बी’, ‘सी’ असे ग्रेड छापून येतात. ते कितपत खरे मानायचे?

सीहॉक्सच्या चाहत्याला हा प्रश्न विचारणं म्हणजे दुखरी नस नव्हे, आवडती नस दाबणं. २०१२ चं उदाहरण घ्या. सिॲटलनं १५व्या क्रमांकावर ब्रूस अर्विन घेतला, ४७व्यावर बॉबी वॅग्नर आणि ७५व्यावर रसेल विल्सन. दुसऱ्या दिवशी समीक्षक तुटून पडले, काहींनी तर सरळ ‘एफ’ दिला. अर्विनला इतक्या वर घेतात का? आणि विल्सन, म्हणजे उंची सहा फुटांच्या आत असलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) तिसऱ्या फेरीत, तेही नुकताच मॅट फ्लिन हा दुसरा क्वार्टरबॅक करारबद्ध केलेला असताना? दोन हंगामांनंतर, २ फेब्रुवारी २०१४ ला, हाच संघ डेन्व्हरला ४३–८ असं धुऊन सुपर बोल जिंकला. क्वार्टरबॅक तोच, सहा फुटांच्या आतला.

त्या ग्रेडमध्ये दिसतं ते एवढंच की समीक्षकाच्या यादीशी संघाची यादी किती जुळली. ती माहिती निरुपयोगी नाही, पण तिला निकाल म्हणू नये.

४. मग तुम्ही गुण कसे देता?

तीन हंगाम पूर्ण झाल्याशिवाय देत नाही. त्यानंतर पहिली गोष्ट पाहतो ती किमतीची: त्या नंबरवर साधारण काय मिळतं? पाचव्या फेरीतला मुलगा तीन वर्षं भरवशाचा राखीव म्हणून टिकला तर तो उत्तीर्ण. पहिल्या फेरीतल्यानं तेवढंच केलं तर तो नापास. दुसरी गोष्ट, त्या क्षणी दुसरं कोण शिल्लक होतं. इथे लबाडी फार चालते. सातव्या फेरीत गेलेला पुढे मोठा झाला म्हणून ‘पहिल्या फेरीत त्यालाच घ्यायला हवं होतं’ म्हणणं खोटं आहे, कारण पहिल्या फेरीत त्याचं नाव कुणाच्याच तोंडी नव्हतं. मी फक्त पुढच्या दहा-पंधरा नंबरांत गेलेली नावं धरतो. तिसरी गोष्ट म्हणजे पहिल्या, स्वस्त करारात त्यानं किती काम केलं. दुसऱ्या करारात तो कितीही चमकला तरी तेव्हा त्याचे पुरे पैसे मोजलेले असतात.

आणि चौथी, जी बहुतेक लोक विसरतात, ती म्हणजे संघात त्याच्यासाठी जागा होती का. तिच्यावर प्रश्न ८ मध्ये सविस्तर लिहिलं आहे. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच.

५. २०१० ते २०१२ या तीन ड्राफ्टचं एवढं कौतुक का होतं?

नावंच वाचा. २०१०: सहाव्या नंबरवर टॅकल (आक्रमणफळीच्या कडेचा) रसेल ओकंग, १४व्यावर सेफ्टी (बचावाच्या सगळ्यात मागचा) अर्ल थॉमस, ६०व्यावर रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) गोल्डन टेट, पाचव्या फेरीत १३३व्यावर कॅम चॅन्सलर. २०११: चौथ्या फेरीत के. जे. राइट, पाचव्यात १५४व्यावर रिचर्ड शर्मन, सहाव्यात बायरन मॅक्सवेल, सातव्यात २४२व्यावर माल्कम स्मिथ. २०१२ चे तिघे वर आलेच आहेत.

म्हणजे ‘लीजन ऑफ बूम’ म्हणून गाजलेल्या बचावफळीचे थॉमस, चॅन्सलर, शर्मन आणि मॅक्सवेल हे चौघेही दोन वर्षांच्या ड्राफ्टमधून आले, आणि त्यातले तिघे पाचव्या-सहाव्या फेरीतून. २०१३ च्या हंगामात या संघानं लीगमध्ये प्रतिस्पर्ध्यांना सगळ्यात कमी गुण आणि सगळ्यात कमी यार्ड (चेंडू पुढे नेण्याचं अंतर) दिले. त्या सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला सातव्या फेरीतला माल्कम स्मिथ.

तीन वर्षांत मिळून २८ मुलं निवडली. त्यातही जॉन मॉफिट, क्रिस डरॅम, मार्क लग्री अशी विसरलेली नावं आहेत. सगळेच हिरे नव्हते. पण तीन वर्षांत संघाचा कणा उभा राहणं हे लीगच्या इतिहासात फार थोड्यांना जमलं आहे. माझा ग्रेड: २०१० ‘ए’, २०११ ‘ए वजा’ (पहिल्या फेरीतला जेम्स कार्पेंटर बेताचाच निघाला), २०१२ ‘ए अधिक’.

एक तळटीप. अर्ल थॉमस ज्या १४व्या नंबरवर आला तो मुळात डेन्व्हरचा. २००९ च्या दुसऱ्या फेरीतल्या ३७व्या नंबरसाठी डेन्व्हरनं पुढच्या वर्षीची पहिली फेरी सिॲटलला देऊन टाकली. डेन्व्हरचे आपल्यावर असे उपकार पुढेही आहेत, प्रश्न ११ बघा.

६. २०१२ मध्ये डोळस निवड किती आणि नशीब किती?

दोन्ही भरपूर. मूळ नंबर १२वा होता. तो फिलाडेल्फियाला देऊन सिॲटल १५व्यावर सरकलं आणि वर ११४वा व १७२वा असे दोन नंबर मिळवले. १९९० च्या दशकात डॅलसच्या जिमी जॉन्सन यांनी नंबरांच्या किमतीचा एक तक्ता चालू केला. त्यात पहिल्या नंबरला ३००० गुण, १२व्याला १२००, १५व्याला १०५०. या तक्त्यानं मोजलं तर सिॲटलला किंचित कमीच मिळालं. फिलाडेल्फियानं १२व्यावर फ्लेचर कॉक्स घेतला. तो पूर्ण कारकीर्द त्याच संघात खेळला आणि सुपर बोलही जिंकला. आपल्याला मिळाले अर्विन, जेय हॉवर्ड आणि जेरेमी लेन. अर्विननं पहिल्याच वर्षी ८ सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं) केले हे खरं, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर हा सौदा फिलाडेल्फियानं मारला.

दुसऱ्या फेरीत पुन्हा तोच खेळ. ४३वा नंबर न्यूयॉर्क जेट्सला देऊन ४७वा, १५४वा आणि २३२वा घेतला. जेट्सनं रिसीव्हर स्टीफन हिल घेतला आणि दोन हंगामांनी सोडून दिला. ४६व्यावर फिलाडेल्फियानं मायकल केंड्रिक्स हा लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला) उचलला. ४७व्यावर आपण लाइनबॅकरच घेतला, यूटा स्टेटचा बॉबी वॅग्नर. तो सहा वेळा ऑल-प्रोच्या (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) पहिल्या संघात निवडला गेला. दोन-चार नंबर खाली सरकून असा माणूस मिळणं याला नजर म्हणा की दैव, गुण पूर्ण द्यावे लागतात.

आणि विल्सन? त्याच्याआधी पाच क्वार्टरबॅक गेले. ७०व्या नंबरवर, म्हणजे फक्त पाच नंबर आधी, जॅक्सनव्हिलनं चक्क पंटर (चेंडू लाथेनं लांब मारणारा) घेतला होता. सिॲटलला त्याची इतकी खात्री होती तर दुसऱ्या फेरीतच का नाही घेतलं, असं लोक विचारतात. उत्तर किमतीत आहे. बाजार त्याला तिसऱ्या फेरीचा समजतोय हे ओळखून तिसऱ्या फेरीपर्यंत थांबणं हीसुद्धा हुशारीच. मात्र थांबण्यात जुगार होता, आणि तो लागला.

७. तिसऱ्या फेरीतल्या क्वार्टरबॅकमुळे पैशांचा नेमका काय फायदा झाला?

विल्सनचा पहिला करार चार वर्षांचा, सगळा मिळून जेमतेम ३० लाख डॉलरचा होता. २०१३ मध्ये प्रत्येक संघाला पगारावर १२.३ कोटी डॉलरची मर्यादा होती. त्यात विल्सनचा वाटा साधारण ६.८ लाख, म्हणजे एक टक्क्याच्या आसपासही नाही. नावाजलेल्या क्वार्टरबॅकवर इतर संघ याच्या कित्येक पटींनी खर्च करत होते. उरलेल्या पैशांतून त्याच उन्हाळ्याआधी मायकल बेनेट आणि क्लिफ ॲव्हरिल हे दोन बचावपटू आणले गेले आणि सुपर बोलला डेन्व्हरच्या पेटन मॅनिंगला श्वास घेऊ दिला नाही तो यांनीच. नियमाप्रमाणे तीन हंगाम होईपर्यंत ड्राफ्टमधल्या खेळाडूला नवा करार देता येत नाही. २०१५ मध्ये विल्सनला ८.७६ कोटींचा करार मिळाला आणि स्वस्ताई संपली.

८. २०१३ नंतर जॉन श्नायडरची नजर गेली का? लोक म्हणतात सगळी कमाल पीट कॅरलचीच होती.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर दोन्ही बाजूंना आवडत नाही.

जनरल मॅनेजर श्नायडर आणि मुख्य प्रशिक्षक कॅरल दोघंही २०१० च्या सुरुवातीला आले. त्याआधीच्या दोन हंगामांत संघाचे निकाल होते ४–१२ आणि ५–११. संघ रिकामा होता. पाचव्या फेरीतल्या चॅन्सलर-शर्मनला खेळायला मिळालं कारण त्यांच्या वाटेत मोठं कोणी उभं नव्हतं. चुका करत शिकायला मैदान मिळालं. २०१३ मध्ये चित्र उलटं झालं. त्या वर्षी ११ मुलं निवडली, पण संघ भरलेला होता. चौथ्या फेरीतला रिसीव्हर क्रिस हार्पर हंगाम सुरू व्हायच्या आत बाहेर पडला. सहाव्या फेरीतला स्पेन्सर वेअर आपल्याकडे जम बसवू शकला नाही, पुढे कॅन्सस सिटीत चांगला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) झाला. त्याच श्नायडरनं, त्याच पद्धतीनं निवडलेली मुलं होती ही. बसायला खुर्ची नव्हती.

त्यात वरचे नंबर हातात राहिले नाहीत. २०१३ ते २०१५ सलग तीन वर्षं पहिल्या फेरीत सिॲटलनं एकही नाव घेतलं नाही. एकदा नंबर दुसऱ्या संघाचा पर्सी हार्विन आणण्यासाठी गेला, एकदा खाली सरकण्यात, एकदा तसाच जिमी ग्रॅहमसाठी. जिंकणाऱ्या संघाची पाळी आधीच शेवटी, त्यात तीही विकलेली.

याचा अर्थ चुका झाल्या नाहीत असं नाही. जर्मेन इफेडी (२०१६, ३१वा), रशाद पेनी (२०१८, २७वा), एल. जे. कॉलियर (२०१९, २९वा) या पहिल्या फेरीतल्या निवडी किमतीच्या मानानं कमी पडल्या. खुर्चीचा बहाणा तिथे चालत नाही, कारण तिघांसाठीही जागा मोकळी होती. पण २०२२ बघा. विल्सन गेला, वॅग्नरला सोडलं, संघ पुन्हा रिकामा. आणि लगेच पहिल्या फेरीतला चार्ल्स क्रॉस व तिसऱ्यातला एब्रहॅम लुकस हे दोन नवखे टॅकल पहिल्या सामन्यापासून उभे राहिले. केनेथ वॉकरनं १०५० यार्ड धावून काढले. पाचव्या फेरीतला तारिक वूलन ६ इंटरसेप्शनसह (प्रतिस्पर्ध्यानं फेकलेला चेंडू मधेच पकडणं) लीगमध्ये संयुक्त पहिला आला. शर्मन १५४वा होता, वूलन १५३वा. दोघंही उंच, दोघंही आधी रिसीव्हर आणि मग कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू). नजर गेली असती तर दहा वर्षांनी तोच मासा त्याच गळाला लागला नसता.

९. खाली सरकून जास्त नंबर गोळा करणं चांगलं की वर सरकून हवा तो खेळाडू घेणं?

तत्त्व म्हणून मी खाली सरकण्याच्या बाजूचा. कोणता मुलगा निघेल हे कोणालाच नक्की कळत नाही, म्हणून जास्त तिकिटं घ्यावीत. पण २०१७ आठवलं की आवाज जरा खाली येतो.

त्या वर्षी आपला नंबर २६वा. तो अटलांटाला देऊन ३१वा, ९५वा आणि २४९वा घेतला. ३१वा सॅन फ्रान्सिस्कोला देऊन ३४वा आणि १११वा. ३४वा जॅक्सनव्हिलला देऊन ३५वा आणि १८७वा. एका नंबरचे पाच झाले. त्यांचं काय झालं? ३५व्यावर मॅलिक मॅकडॉवेल (पुढचा प्रश्न). ९५व्यावर डेलानो हिल, १११व्यावर टेड्रिक थॉम्पसन, दोघंही सेफ्टी, दोघंही टिकले नाहीत. १८७व्यावर कॉर्नरबॅक माइक टायसन, नाव तेवढं दणदणीत. आणि २४९व्यावर, जवळजवळ सगळे दिवे मालवल्यावर, क्रिस कार्सन. त्यानं पुढे सलग दोन हंगाम हजाराच्या वर यार्ड काढले. मधल्या काळात ३०व्या नंबरवर पिट्सबर्गनं टी. जे. वॉट घेतला. आपल्या मूळ २६व्यानंतर चारच नंबरांनी गेलेला माणूस, त्यामुळे त्याला हातचा घालवल्याचा आरोप माझ्याच नियमानं (प्रश्न ४) मान्य करावा लागतो.

वर सरकून झालेला फायदाही आहे. २०१९ मध्ये दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या, ६४व्या नंबरवर न्यू इंग्लंडशी सौदा करून डी. के. मेटकाफ घेतला. राक्षसी शरीर, ४० यार्ड ४.३३ सेकंदांत. पण मानेची दुखापत झालेली आणि वळण घेण्याच्या चाचणीतला वेळ वाईट, म्हणून इतका खाली आला. सिॲटलनं विचार केला की या पोराला वळवायचं कशाला, सरळच पळवू.

१०. मॅकडॉवेलचा अपघात झाला. ते दुर्दैव, त्याचे गुण कापायचे का?

तो २०१७ च्या ड्राफ्टमधला आपला पहिला खेळाडू. त्याच उन्हाळ्यात चारचाकी एटीव्हीच्या अपघातात जबर जखमी झाला आणि सीहॉक्ससाठी एकही सामना खेळला नाही. २०२१ मध्ये तो क्लीव्हलंडकडून खेळला.

मी दोन वेगळे गुण देतो. निर्णयाला एक, फळाला एक. फळ शून्य, त्यात वाद नाही. निर्णयाचा गुण त्या रात्री जे माहीत होतं त्यावर द्यायचा, आणि त्या रात्री अपघात कुणालाच माहीत नव्हता. पण कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्याच्या मेहनतीबद्दल शंका घेतल्या जात होत्या, ते माहीत होतं. म्हणून निर्णयाला ‘सी’. मैदानावरच्या दुखापतीलाही हाच न्याय. आधीची दुखापत माहीत असून घेतला असेल तर गुण कापतो, नव्यानं झाली तर नाही.

११. नंबर देऊन मोठा खेळाडू आणला किंवा मोठा खेळाडू देऊन नंबर घेतले, तर हिशोब कसा?

दिलेला नंबर शेवटी कुणाच्या रूपात उगवला ते बघायचं. २०२० मध्ये सेफ्टी जमाल ॲडम्ससाठी सिॲटलनं जेट्सला दोन पहिल्या फेऱ्या, एक तिसरी फेरी आणि ब्रॅडली मॅकडूगल दिला, बदल्यात ॲडम्स आणि एक चौथी फेरी. पहिल्या हंगामात त्यानं ९.५ सॅक केले, बचावाच्या मागच्या फळीतल्या खेळाडूसाठी तो विक्रमच. पुढच्या वर्षी ७ कोटी डॉलरचा करार, मग दुखापतींवर दुखापती, आणि २०२४ मध्ये मुक्तता. तिकडे २०२२ चा आपला १०वा नंबर वापरून जेट्सनं रिसीव्हर गॅरेट विल्सन घेतला. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये आपल्याकडे उरलेल्या एकूण निवडी होत्या तीन. या सौद्याला मी ‘डी’ देतो, आणि ‘एफ’ देत नाही तो केवळ त्या साडेनऊ सॅकसाठी.

उलट बाजू म्हणजे मार्च २०२२. रसेल विल्सन आणि एक चौथी फेरी डेन्व्हरला. बदल्यात तीन खेळाडू आणि नंबरांची रास, तीत दोन पहिल्या फेऱ्या आणि दोन दुसऱ्या. त्यांतून आले क्रॉस (९वा), बोये माफे (४०वा), डेव्हन विदरस्पून (२०२३, ५वा) आणि डेरिक हॉल (३७वा). विदरस्पूनचा नंबर इतका वर का आला? कारण विल्सन असतानाही डेन्व्हर ५–१२ असं कोसळलं. हे श्नायडरला कसं कळणार होतं? कळलेलं नव्हतंच. म्हणून सौद्याला ‘ए’, त्यातल्या पाचव्या नंबरच्या आनंदाचं श्रेय मात्र डेन्व्हरला. विल्सनला त्यांनी दोन हंगामांत मोकळं केलं.

१२. पहिल्या फेरीत रनिंग बॅक घ्यावा का?

नाही. पेनीला २७व्यावर घेतलं त्याच्या आदल्याच वर्षी २४९व्यावर कार्सन मिळाला होता, आणि दोघांत जास्त काम कार्सननं केलं. पेनी फिट असला की सुरेख पळायचा, पण फिट किती असायचा? रनिंग बॅक लवकर झिजतो आणि उशिराच्या फेऱ्यांतही मिळतो. दुसऱ्या फेरीतला वॉकर मला चालतो. २०२३ मध्ये पुन्हा दुसऱ्या फेरीत झॅक शार्बोने घेतला तेव्हा मात्र भुवया उंचावल्या.

१३. पंटरसाठी नंबर घालवणं हा वेडेपणा नाही का?

तिसऱ्या फेरीत असेल तर आहे (प्रश्न ६ मधलं जॅक्सनव्हिल). पाचव्या फेरीत नाही. २०१८ मध्ये सिॲटलनं वर सरकून १४९व्यावर ऑस्ट्रेलियाचा मायकल डिक्सन घेतला, तो पहिल्याच वर्षी ऑल-प्रो झाला. त्या नंबरवर त्या वर्षी याहून चांगलं काही मिळालं असतं असं कुणी दाखवून द्यावं.

१४. आपला रिसीव्हर डग बॉल्डविन तर ड्राफ्टमध्ये नव्हताच. त्याला २०११ च्या गुणांत धरता का?

नाही. कोणीच न निवडलेल्या मुलाला ड्राफ्ट संपल्यावर कुठल्याही संघाशी करार करता येतो. बॉल्डविन २०११ मध्ये असा आला, जर्मेन कर्स २०१२ मध्ये. त्यांचं श्रेय स्काउटांना (खेळाडू हेरणाऱ्यांना) वेगळ्या वहीत. सोयीचे तेवढे न निवडलेले धरायचे आणि गैरसोयीचे सोडायचे असं चालत नाही. १ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये गोलरेषेवर विल्सनचा चेंडू हिसकावणारा न्यू इंग्लंडचा माल्कम बटलरही न निवडलेलाच होता. तो विषय इथे वाढवू नये ही विनंती.

१५. आपल्याकडे न चमकता दुसरीकडे चमकलेल्याचे गुण कोणाला?

स्काउटला मिळतात, संघाला नाही. जेय हॉवर्ड आणि वेअर कॅन्सस सिटीत फुलले. म्हणजे पारख बरोबर होती, वापर चुकला किंवा जागा नव्हती. गोल्डन टेट वेगळा. तो आपल्याकडे पहिला करार पूर्ण करून सुपर बोल जिंकून डेट्रॉइटला गेला. त्याचं देणं फिटलं होतं, तिकडची चमक ही डेट्रॉइटची कमाई.

१६. ज्या जागी खेळला त्या जागी घेतलाच नाही, असाही कोणी आहे का?

जे. आर. स्वीझी. कॉलेजात बचावफळीत टॅकल, २०१२ च्या सातव्या फेरीत २२५वा. लाइनचे प्रशिक्षक टॉम केबल यांनी त्याला थेट आक्रमणफळीत गार्ड केलं आणि पहिल्याच हंगामाच्या पहिल्या सामन्यात उतरवलं. सुपर बोलमध्येही तो सुरुवातीच्या संघात होता. अशा वेळी निम्मे गुण प्रशिक्षकाचे. प्रश्न ८ मधला ‘श्नायडर की कॅरल’ हा वाद मला म्हणूनच पोकळ वाटतो.

१७. २०२३, २०२४ आणि २०२५ चे गुण सांगा की!

पेन्सिलनं सांगतो. २०२३ मध्ये विदरस्पून पहिल्याच वर्षी प्रो बोलसाठी (हंगामातल्या निवडक खेळाडूंत) निवडला गेला आणि २०व्या नंबरच्या जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बानं दुसऱ्या वर्षी १०० झेल घेतले. वरच्या दोन नंबरांवर दोन्ही लागले, ‘ए’च्या खाली जाणं अवघड. २०२४ चा बायरन मर्फी (१६वा) आणि २०२५ चे ग्रे झेबल (१८वा) व निक एमनवोरी (३५वा) यांच्याबद्दल प्रश्न ४ चा नियम. घाई असेल त्यांनी दुसऱ्या दिवशीचे ग्रेड वाचावेत, प्रश्न ३ आठवून.

१८. भारतातून ड्राफ्ट कधी बघायचा?

एप्रिलच्या अखेरीस, गुरुवारी इथे संध्याकाळी पाचला पहिली फेरी सुरू होते. म्हणजे तिकडे शुक्रवारी पहाटे साडेपाच. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीसाठी शनिवारची पहाट. उरलेल्या चार फेऱ्या तिकडच्या शनिवारी रात्री, आणि वेळ एकच असेल तर मी त्याच बघायला सांगीन. शर्मन, चॅन्सलर, कार्सन, वूलन सगळे तिथलेच. कुणी ओळखीचं नाव नसतं, निवेदकही गप्पा मारत असतात, त्यामुळे वही-पेन जवळ ठेवा.

१९. जर्सी कोणाच्या नावाची घ्यावी?

नवख्याची नको, चार वर्षांत तो दुसऱ्या गावी असू शकतो. दुसरा करार झालेल्याची घ्यावी असं मी सांगायचो, पण २०२२ मध्ये वॅग्नरलाही सोडलंच (पुढच्या वर्षी परत आणलं ते सोडा). पैसे वाया जाऊ नयेत असं वाटत असेल तर १२ नंबर. १९८४ पासून तो प्रेक्षकांच्या नावानं राखून ठेवलेला आहे, कुणा खेळाडूला देत नाहीत. लहान मुलांसाठी घेताना फक्त एक माप मोठं घ्या.